पावणेचारशे अक्षरांचा आजार

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, सकाळचे साडेअकरा. रक्कम पाच हजार सहाशे. आठ नमुने, दर नमुन्याचे सातशे. हजर चौघे : मी, आमच्या प्रयोगशाळेचे मालक डॉक्टर, कारंज्याकडचे संत्रा-नर्सरीवाले मधुकरराव आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कलमा बांधणारे देवराव. टेबलावर आठ पिशव्या, प्रत्येकीत संत्र्याची पानं आणि सालीचा तुकडा. पैसे मधुकररावांनी टेबलावर ठेवले, पण वरचा हात काढला नाही.

"पैशाचं काई नाई मॅडम," ते म्हणाले. "पण बिमारी नाई निघाली, त मंग पैसे कायचे?"

"आणि निघाली तर?"

"निघाली त तुमी दवाई सांगानच नं. दवाईचे देईन."

म्हणजे तपासणीचे पैसे कुठल्याच बाजूने द्यायचे नव्हते. कोरोनात निदान एक बाजू पक्की असायची. निगेटिव्ह आलं की लोक पैसे देत, पॉझिटिव्ह आलं की भांडत. एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की, आजार त्यांचा असल्यामुळे पैसे आम्ही द्यायला हवेत.

आमचं मशीन त्या कोरोनातलंच. वर्ध्यात तेव्हा जी दोन-चार मशीनं आली त्यांतलं एक. लाट ओसरली, तसं ते झाकण घालून कोपऱ्यात बसलं. डॉक्टरांना हप्ते होते. त्यांनी चौकशी करून संत्रा, केळी, मिरचीच्या रोपांची तपासणी सुरू केली, आणि मी माणसांच्या नाकातून झाडांच्या पानांवर आले. मला ती बढती वाटली. पान ओळख सांगत नाही आणि 'मॅडम, जरा हळू' म्हणत नाही.

मशीनचं काम लोकांना समजतं त्याहून सोपं आहे. आपण शोधतो त्या जंतूच्या मजकुरातली एक ओळ आपल्याला आधीच माहीत असते. मशीन नमुन्यात ती ओळ शोधतं आणि सापडली की तिच्या नकला काढतं. दर फेरीत दुप्पट. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर जातात. ओळ नसेल, तर नक्कल कशाची काढणार? बस, एवढंच. त्यात कुणाच्या ओळखीला, पदाला किंवा आवाजाला जागा नाही. पण आमच्या जिल्ह्यात ओळख काढल्याशिवाय माणूस नळाचं पाणी पीत नाही. जाम गावच्या चौकातल्या एका ढाबेवाल्याने पाच नोकरांची तपासणी एकाच्या पैशात व्हावी म्हणून एकाच काडीने पाचही जणांची नाकं आतून पुसून आणली होती. पाचांत एक आजारी असता, तर बाकीच्या चौघांना त्याने तो आजार स्वतःच्या हाताने वाटला असता, आणि वर अहवाल निगेटिव्हच हवा होता.

शिकलेल्यांचं निराळं. एक प्राध्यापक पॉझिटिव्ह आल्यावर मला म्हणाले, "असं कसं? मी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केलाय." त्यांना मी विचारलं, औषध कुणी दिलं? म्हणाले, मागच्या वर्षीचं उरलं होतं.

अँटिबायोटिक हे जिवाणूंवरचं औषध. जिवाणू म्हणजे पेशी. तिला भिंत असते, आत स्वतःचा कारखाना असतो. औषध ती भिंत पाडतं किंवा कारखाना बंद पाडतं. विषाणूला भिंत नाही, कारखाना नाही. तो मुळात पेशीच नाही. प्रथिनाच्या डबीत, कधी वरून चरबीचं आवरण घेऊन, बंद केलेला मजकूर, एवढीच त्याची मालमत्ता. त्याला चूल नाही, धान्य नाही, हात नाहीत. तो तुमच्या स्वयंपाकघरात शिरतो, आपला बेत आचाऱ्यापुढे ठेवतो आणि तुमच्याच आचाऱ्याकडून, तुमच्याच पिठाच्या, स्वतःच्याच नकला लाटून घेतो. पीठ संपलं की आचारी मरतो आणि नकला शेजारच्या घरी जातात. बाहेर असताना तो खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. त्याला जिवंत म्हणावं का, यावर मोठमोठे लोक वाद घालतात. प्राध्यापकांनी मात्र त्याला गोळ्या घालून संपवलं होतं.

कोरोनाच्या विषाणूचा मजकूर साधारण तीस हजार अक्षरांचा. माणसाचा तीनशे कोटींच्या घरातला. तीस हजारांनी तीनशे कोटींना वर्षभर घरात बसवलं. आणि मधुकररावांच्या पिशव्यांत जे निघालं, ते सुमारे पावणेचारशे अक्षरांचं. या दिवाळी अंकाच्या एका पानाच्या कोपऱ्यात मावेल एवढं.

त्याला व्हायरॉइड म्हणतात. विषाणूला निदान डबी असते. याला तीही नाही. उघडा मजकूर, टोकं जुळवलेला, कड्यासारखा गोल. त्यात एकाही प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. काही सांगत नाही, काही बनवत नाही, फक्त झाडाच्या पेशीत जाऊन आपली नक्कल काढून घेतो आणि त्या गडबडीत झाड बसतं, वाढत नाही. आतापर्यंतच्या माहितीनुसार हे वनस्पतींपुरतंच आहे, म्हणून माणसांना त्याचं सोयरसुतक नाही. याच बिरादरीत प्रायॉन नावाचा एक प्रकार आहे. त्याच्याकडे तर मजकूरही नाही. ते एक वाकडं दुमडलेलं प्रथिन, जे शेजारच्या सरळ प्रथिनाला आपल्यासारखं वाकडं करत जातं. गायी त्याने वेड्या होतात. उकळूनही ते सहजी सरळ होत नाही. ऑफिसात नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगायला लागत नाही.

तर मधुकरराव. त्यांच्या वडिलांपासूनची नर्सरी. सगळं नाव एका झाडावर उभं होतं. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, संत्र्याचं झाड, साठ वर्षांच्या आसपासचं, अजून लदबदून फळणारं, साल पातळ, फोडी गोड. कलमा करायच्या म्हणजे खुंटाच्या रोपाच्या सालीत चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, सालीसकट बसवून बांधायचा. वरचं झाड संत्र्याचं, खालची मुळं खुंटाची. मधुकररावांचे सगळे डोळे त्या एका झाडाचे. आणि त्यांचेच नव्हे. वडिलांनी रीत घालून दिली होती की, मागायला आलेल्या कुणालाही डोळे द्यायला नाही म्हणायचं नाही. नारळ ठेवावा आणि डोळ्यांच्या काड्या न्याव्यात. त्यामुळे पंचक्रोशीतल्या निम्म्या बागा त्या झाडाच्या.

पहिल्यापासून खुंट जंबेरी लिंबाचे होते. मधे जंबेरीचं बी मिळेना, आणि रंगपूर लिंबाचा खुंट कमी पाण्यात तगतो असं सगळे म्हणू लागले, म्हणून मधुकररावांनी रंगपूर धरला. चार-पाच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. झाडं छातीएवढी होऊन थांबली, खुंटाची साल पापुद्र्यांनी सुटली. मधुकररावांनी रंगपूरला शिव्या घातल्या. मग त्यांनी झाडांना जे पाजलं त्याची यादी त्यांनी मला अभिमानाने सांगितली : दोन तऱ्हेची टॉनिकं, एक 'व्हायरस-नाशक' म्हणून बाटलीतून मिळणारं काळं पाणी आणि दुकानदाराच्या सल्ल्याने माणसांचं अँटिबायोटिक. तेही प्राध्यापकांच्याच शाळेतले.

आठ पिशव्यांतल्या चार अशा बसलेल्या झाडांच्या होत्या, चार या पावसाळ्यात विकायला तयार असलेल्या अठरा हजार कलमांतल्या. आठही पॉझिटिव्ह निघाल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या, सोबत बियाण्यापासून वाढलेल्या निरोगी रोपाचा नमुना घातला. तो स्वच्छ, हे आठ तेच.

मी नर्सरीवर गेले. मधुकररावांनी मला थेट झाडापाशी नेलं.

"पाहा मॅडम. हे बिमार दिसून राह्यलं का?"

नव्हतं दिसत. पान न् पान तेलकट हिरवं.

"याच्या फळाले नागपूरचा व्यापारी पहिला हात लावते. अन् तुमी म्हणता याच्यातून गेलं."

"हे जंबेरीवर आहे. जंबेरीच्या खुंटावर हा आजार दिसत नाही, नुसता राहतो. रंगपूरवर गेला की दिसतो."

"म्हणजे रंगपूरच खराब. मी तेच म्हणतो."

"रंगपूरने फक्त सांगितलं. तुम्ही सांगणाऱ्याला शिव्या घालताय."

ते गप्प बसले नाहीत. मधुकरराव गप्प बसत नाहीत. म्हणाले, कीड असंल, वारा असंल, शेजाऱ्याच्या बागेतून आलं असंल. मी सांगितलं, हा आजार किडीने पसरत नाही, वाऱ्याने नाही. दोनच वाटा : डोळा आणि सुरी.

सुरी म्हटल्यावर देवराव उठून आले. कलमा बांधायच्या हंगामात ते सहा-सात नर्सऱ्या फिरतात आणि सुरी स्वतःची नेतात, पितळी मुठीची. ती हंगामात धुवायची नाही, धार उतरते असा त्यांच्यात नेम. पण ते स्वच्छतेला पक्के. शेजारी पेटती चिमणी ठेवायची आणि एक ओळ झाली की पातं दोनदा ज्योतीतून काढायचं. सगळे नर्सरीवाले त्यांचं कौतुक करत. मी त्यांना म्हटलं की, एवढ्या जाळाने हे मरत नाही. धुण्याचं ब्लीच पाण्यात घालून त्यात पातं बुडवायला हवं, एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी.

"जाळून मरत नाई," देवराव म्हणाले. "मंग ते पयले जित्तं होतं का?"

त्या सगळ्या प्रकरणात मला विचारलेला शहाणा प्रश्न हा एकच. मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. देवराव म्हणाले, "आमच्या गावात असे लई हायेत," आणि परत जाऊन बसले.

झाडाचा नमुना मीच घेतला. नववा. तोही निघाला, आणि सगळ्यांत ठळक.

मी मधुकररावांना तीन गोष्टी लिहून दिल्या. अठरा हजार कलमा विकायच्या नाहीत. या झाडाचे डोळे कुणी घ्यायचे नाहीत. झाडाची जात ठेवायची असेल, तर कोवळ्या शेंड्याचं मोहरीहून बारीक टोक काढून प्रयोगशाळेत नळीतल्या रोपावर बसवतात. तेवढ्या टोकात हा मजकूर बहुधा पोचलेला नसतो, त्यातून स्वच्छ झाड मिळू शकतं. दोन-तीन वर्षं लागतील. नागपूरला हे काम होतं, काड्या पाठवा.

"दोन-तीन वरीस," ते म्हणाले. "तवर मी काय विकू, चिंचा?" काड्या त्यांनी पाठवल्या नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या झाडाचं फळ मी खाल्लं आहे.

मग दबावाचे दिवस. मधुकररावांना 'आजार आढळला नाही' असा कागद हवा होता, कारण शेतकऱ्यांच्या एका गटाने अहवाल पाहूनच कलमा घेऊ म्हटलं होतं. ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण त्यांना कुणीही नाराज झालेलं चालत नाही; अशा स्वभावाने त्यांनी प्रयोगशाळा का काढली, हे मला कळलेलं नाही.

"मॅडम, पॉझिटिव्ह शब्द जरा जड आहे," ते म्हणाले. "आपण संशयास्पद लिहू. थोडं अ‍ॅडजस्ट होऊन जाईल."

"साहेब, संशय मशीनला येत नाही. दोनदा लावलंय. संशयास्पद लिहायचं असेल, तर खाली सही तुमची."

सही म्हटल्यावर डॉक्टरांना फोन आला. त्यांना अशा वेळी नेहमी फोन येतो.

मधुकरराव दोन दिवसांनी नवा बेत घेऊन आले. चेहरा खुललेला.

"मॅडम, तुमीच म्हणता झाडं बुटकी राह्यतात. मी जामच्या चौकात बोर्ड लावतो. 'बुटकी संत्रा, कुंडीत लावा, लॅब टेस्टेड.' लॅब टेस्टेड त खरंच हाय नं?"

"तपासली आहे हे खरं. काय निघालं, तेही बोर्डावर लिहा."

"तेवढं कोन वाचते?"

"म्हणूनच लिहायचं नाही म्हणता?"

"तुमी लई कडक बाई हा, बाप्पा."

आजारालाच जात म्हणून विकायचं, हे सुचायला जी हुशारी लागते तिच्या चतकोर हुशारीत सुरी ब्लीचमध्ये बुडवून झाली असती. मला रात्री झोप लागेना असं काही झालं नाही, पण अठरा हजार कलमा म्हणजे किती बागा, हा हिशोब भाजी चिरतानाही सुटत नव्हता. एकरी शंभर-सव्वाशे झाडं धरली, तरी दीडशे एकर. चार-पाच वर्षं पाणी घालून, खत घालून, मग कळणार. आणि माझ्याजवळ नुसता अहवाल. विकणाऱ्याचा हात धरायचा अधिकार मशीनला नाही आणि मलाही नाही.

त्याच आठवड्यात मधुकररावांच्या बायको सुमनबाई एकट्या आल्या. नर्सरीची गिऱ्हाइकं फोनवर त्याच सांभाळतात. बसल्या, पाणी घेतलं नाही.

"ताई, एक इचारते. माह्या भावानं आमच्याच कलमा नेल्या, तीनशे. त्याची छाटणी करनारा शेजारच्या बागेतबी छाटते, तेच कैचीनं. शेजाऱ्याची झाडं जुनी हायेत, दुसरीकडची. त्याच्यात गेलं असंल का?"

"जाऊ शकतं."

"कैचीनं?"

"कात्रीने, सुरीने, करवतीने. एका झाडाचा रस दुसऱ्याच्या जखमेत गेला की पुरे."

"म्हणजे आमी विकलं नाई त्यायच्याबी घरी आमी गेलो."

मी होय म्हटलं. त्यांनी विचारलं, झाड तसंच ठेवलं तर? मी सांगितलं, फळं खायला ठेवायला हरकत नाही. माणसाला त्यापासून काही होत नाही. फक्त डोळे कुणी नेता कामा नयेत.

"त्या झाडाले कुंपन घातलं तरी लोक कुंपनावरून नेतील," त्या म्हणाल्या. "सासऱ्यायनं नाई म्हणू देल्लं नाई कोनाले. आता आमी नाई म्हटलं, त म्हणतील कंजूस झाले."

दुसऱ्या दिवसापासून काय काय झालं ते मला देवरावांनी फोनवर सांगितलं. अनुदानाच्या सोयीसाठी मधुकररावांनी नर्सरीचा परवाना बायकोच्या नावावर काढला होता. सही तेवढी तिची, बाकी सगळं आपलं, अशी व्यवस्था. सुमनबाईंनी सांगितलं, या कलमांच्या एकाही बिलावर मी सही करत नाही. मधुकरराव ओरडले, जेवले नाहीत, भावाकडे जातो म्हणून दोन दिवस घराबाहेर राहिले. तेवढ्या वेळात सुमनबाईंनी मजूर लावून अठरा हजार पिशव्या फाडल्या आणि कलमांचे ढीग घालून पेटवले. देवरावांनी हात लावला. त्यांनीच बांधलेल्या होत्या.

मग सुमनबाईंनी झाडही तोडायचं ठरवलं. तोडायच्या दिवशी मी गेले. माझं तिथे काम नव्हतं. ज्येष्ठ सरत आलेला, ऊन असं की धुऱ्यावर उभं राहवत नव्हतं. मधुकरराव घरात होते, बाहेर आले नाहीत. गजानन नावाचा मशीन-करवतवाला आला होता. सुमनबाईंनी त्याला आधी सांगितलं, "बुंधा ठेवजो नको. बुंध्याले धुमारे फुटते." त्याने पहिली फांदी पाडली आणि लोक यायला लागले.

मला वाटलं, बघायला आले आहेत. तर एकेकाच्या हातात पिशवी. फांदी खाली पडली की तिच्यावर वाकून डोळ्यांच्या काड्या कापायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, पिशवीत टाकायच्या. माझा अहवाल ज्याने मोबाइलवर सगळ्या गटाला पाठवला होता, तो माणूस सगळ्यांत पुढे. खिशातली सुरी त्याने पँटला पुसली.

"तुम्ही अहवाल वाचला ना?" मी त्याला विचारलं.

"वाचला नं मॅडम. म्हणून त आलो. झाड तुटून राह्यलं, आता भेटनार नाई."

"त्यात आजार आहे."

"आमच्याकडे जंबेरी हाय," तो म्हणाला. "जंबेरीवर दिसत नाई म्हणते त्याच्यात."

तेवढं वाक्य त्याने बरोबर वाचलं होतं. मी आणखी काही सांगायला लागले, तर दुसरा म्हणाला, "मॅडम, दोन काड्या तुमीबी घ्या, गच्चीवर लावा." थट्टा नव्हती ती, मनापासून देत होता.

सुमनबाई कोयता घेऊन मधे आल्या. एकेकाच्या पिशवीत हात घालून काड्या काढल्या आणि ढिगावर फेकल्या. एकजण म्हणाला, "वहिनी, बुढ्यानं कधी नाई म्हटलं नाई वो." त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणून राह्यली," आणि त्याचीही पिशवी उलटी केली. लोक मागे सरले, पण गेले नाहीत. कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसले. ओलं लाकूड पेटायला वेळ लागतो, हे त्यांना माहीत होतं. डिझेल ओतूनही ढीग नुसता धुमसत होता, आणि सुमनबाईंना घरी जेवायला वाढायचं होतं.

त्यांनी गजाननला बोलावून तिथेच पैसे दिले, एकूण बाराशे : झाड तोडायचे आठशे, आणि ढिगाची राख होईपर्यंत कोयता घेऊन त्यावर राखण बसायचे चारशे.